क्रोमचं सफाई टूल गेलं, होमपेज पळवणारे राहिले

परवा मामांचा लॅपटॉप हातात आला. क्रोम उघडलं की भलतंच सर्च पेज. सेटिंग बदलली, रीस्टार्ट केला, पुन्हा तेच.

पूर्वी क्रोममध्येच क्लीनअप टूल होतं. 2015 पासून त्याने 8 कोटींहून जास्त वेळा सफाई केली. मार्च 2023 मध्ये, क्रोम 111 पासून, गूगलने ते काढलं. तक्रारी घटल्या, हे कारण. असतील घटल्या, पण ज्याचं होमपेज पळवलंय त्याने सरासरी घेऊन काय करायचं?

म्हणजे सफाई आपल्याकडे आली. आधी विंडोजच्या ॲप यादीतून अनोळखी सॉफ्टवेअर काढा, मग एक्स्टेन्शन, शेवटी क्रोम रीसेट. सॉफ्टवेअर तसंच ठेवून रीसेट केलंत तर सगळं परत येऊ शकतं.

मामांकडे एवढ्याने भागलं नाही. एक्स्टेन्शन काढताच येईना. मेनूत लिहिलेलं, ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’. मामा तर रिटायर्ड! ऑफिसांसाठी असलेली पॉलिसीची सोय वापरून त्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत नोंद घातली होती. रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन ‘पॉलिसीज’खालच्या गूगलमधली ‘क्रोम’ की डिलीट केली, तेव्हा सुटका झाली. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हे करू नका, तिथे ती ओळ खरीच असते.