कुंपणच शेत खाते तेव्हा

१९८७ सालची गोष्ट. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यायमूर्ती रॉबर्ट बोर्क यांचे नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी सुचविले होते आणि त्या नियुक्तीवरून तेथे मोठे रण माजले होते. त्याच गदारोळात वॉशिंग्टनमधील एका साप्ताहिकाच्या हाती एका व्हिडिओ दुकानातील नोंदी लागल्या आणि बोर्क कुटुंबाने भाड्याने नेलेल्या चित्रफितींची यादी चक्क छापून आली. यादीत आक्षेपार्ह असे काहीच नव्हते. तरीही बोर्क यांचे कट्टर विरोधक असलेले लोकप्रतिनिधीसुद्धा अस्वस्थ झाले. आज न्यायमूर्तींच्या घरात डोकावणारा उद्या आपल्याही घरात डोकावेल, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, ग्राहकाच्या संमतीवाचून अशा नोंदी उघड करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकी काँग्रेसने संमत केला.

त्याच काँग्रेसने २०१७ च्या मार्च महिन्यात नेमके उलटे पाऊल टाकले. संघीय दळणवळण आयोगाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी काही नियम केले होते. ग्राहक कोणकोणत्या संकेतस्थळांवर जातो, कोणती अ‍ॅप वापरतो, कोठे असतो, त्याचे आरोग्य आणि पैशाचे व्यवहार यांविषयीची माहिती इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपनीला अन्य कामांसाठी वापरायची अथवा इतरांना द्यायची असेल, तर आधी त्याची स्पष्ट संमती घेतली पाहिजे, हे या नियमांचे सार. २३ मार्च रोजी सिनेटने ५० विरुद्ध ४८ आणि २८ मार्च रोजी प्रतिनिधिगृहाने २१५ विरुद्ध २०५ मतांनी हे नियम रद्द केले. ३ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची स्वाक्षरी झाली. ज्या कायद्याचा आधार घेऊन हे घडविण्यात आले, त्याची मेख अशी की, एकदा रद्द झालेला नियम तत्त्वतः त्याच स्वरूपात पुन्हा करण्याची मुभा आयोगाला राहत नाही. दार लोटून घेतले एवढेच नव्हे, तर वर कुलूपही घातले.

यावर अमेरिकेत जो संताप उसळला, त्याने पक्षाच्या भिंती ओलांडल्या. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाच्याच १५ सदस्यांनी विरोधात मतदान केले होते. मतदारसंघांतील सभांमधून लोक आपल्या प्रतिनिधींना जाब विचारू लागले. विस्कॉन्सिनमधील एका सभेत तेथील ज्येष्ठ सदस्यांनी, इंटरनेट वापरलेच पाहिजे अशी कोणावर सक्ती नाही, असे उत्तर दिले. ज्या देशात नोकरीचा अर्ज, शाळेचा गृहपाठ आणि बँकेचा व्यवहार इंटरनेटवाचून अडतो, त्या देशात हे उत्तर म्हणजे जखमेवर मीठच होते. नियमांच्या बाजूने मत न देणाऱ्यांचाच इंटरनेटवरील इतिहास विकत घेऊन चव्हाट्यावर मांडू, असे जाहीर करून काहींनी वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. अशा एका आवाहनाला दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

हा राग समजण्यासारखा आहे. परंतु ही वर्गणी म्हणजे वाऱ्याशी मारलेली कुस्ती होती. अमुक एका व्यक्तीची नावानिशी नोंद बाजारात जाऊन विकत घेता येत नाही; तशी विक्री तेथील दूरसंचार कायद्याला मान्य नाही. मोठ्या कंपन्यांनीही, आपण व्यक्तीचा इतिहास विकत नाही, असे तत्काळ जाहीर केले. त्यात तांत्रिक तथ्य होते. विकले जाते ते नाव नव्हे, तर गिऱ्हाइकाची जातकुळी. घरात नुकतेच मूल झाले आहे, कोणाला मधुमेह आहे, कोणी कर्जाच्या शोधात आहे, अशा खुणा लावून माणसांचे गट पाडायचे आणि त्या गटांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जाहिरातदाराला द्यायचा, असा हा व्यापार आहे. सूडाच्या भावनेने पैसे पाठविणाऱ्यांनी तो समजून घेण्याची तसदी घेतली नाही. रद्द झालेल्या नियमांचा मुख्य भाग तर अद्याप अमलातही आलेला नव्हता. त्यामुळे ४ एप्रिलच्या सकाळी प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. जे गेले, ते उद्याचे संरक्षण.

नियम रद्द करणाऱ्यांचा युक्तिवादही ऐकला पाहिजे. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष अजित पै हे भारतातून गेलेल्या डॉक्टर दांपत्याचे सुपुत्र. त्यांच्या नियुक्तीचे आपल्याकडे कौतुकही झाले होते. त्यांचे म्हणणे असे की, गूगल आणि फेसबुक हेही लोकांची माहिती गोळा करतात. मग तारा टाकणाऱ्या कंपन्यांनाच वेगळा, कडक नियम कशासाठी? वरवर पाहता ही समता वाटते. परंतु एखादे शोधयंत्र आवडले नाही तर दुसरे वापरता येते. वाहिनी पुरविणारी कंपनी बदलणे इतके सोपे नाही. अमेरिकेच्या कित्येक भागांत वेगवान इंटरनेट देणारी एक, फार तर दोन कंपन्या असतात. शिवाय दुकानदाराला आपल्या दुकानात येणारा माणूस दिसतो, तर वाहिनीवाल्याला तो माणूस दिवसभरात कोणकोणत्या दुकानांत गेला, ते सारे दिसते. आज बहुतेक संकेतस्थळांवरील मजकूर सांकेतिक लिपीत बंद असतो, हे खरे. पण टपाल वाटणाऱ्याने पाकीट फोडले नाही, तरी रुग्णालयाचे पत्र कोणाकडे आले, सावकाराचे कोणाकडे आणि वकिलाचे कोणाकडे, हे त्याला कळतेच. तो ते गावभर सांगत फिरत नाही, हा विश्वास त्याच्या नोकरीचाच भाग असतो. येथे तर ग्राहक दरमहा पैसे मोजतो ते याच माणसाला!

या विश्वासाचे काय होते, याचे दाखले २०१७ पूर्वीही होते आणि नंतरही मिळाले. ब्रिटनमध्ये बीटी या कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये ग्राहकांना न कळविता त्यांच्या वाहिनीवर फॉर्म नावाच्या जाहिरात-यंत्रणेचा प्रयोग केला. २००८ मध्ये हे बाहेर आल्यावर लोक खवळले, युरोपीय आयोगाने ब्रिटिश सरकारविरुद्धच कारवाई सुरू केली आणि २००९ मध्ये बीटीला ती योजना गुंडाळावी लागली. अमेरिकेत व्हेरायझन आपल्या मोबाइल ग्राहकांच्या मागे पुसता न येणारी ओळखखूण लावत असे. त्यासाठी मार्च २०१६ मध्ये तिला साडेतेरा लाख डॉलरचा दंड झाला. एटी अँड टी कंपनीने काही शहरांत पाळत नको असणाऱ्यांकडून महिन्याला २९ डॉलर जादा घेतले. खासगीपण ही श्रीमंतांनी विकत घेण्याची वस्तू झाली, असाच त्याचा अर्थ. मोबाइलधारक कोठे आहे ही माहिती मध्यस्थांना पुरविल्याबद्दल एप्रिल २०२४ मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे वीस कोटी डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०२५ मध्ये अपील न्यायालयांनी त्यावर परस्परविरोधी निकाल दिले.

मग २०१७ च्या त्या संतापाचे झाले काय? बराचसा हवेत विरला. लोकांनी व्हीपीएन घेतले. म्हणजे एका द्वारपालावरचा विश्वास उडाला म्हणून दुसऱ्या अनोळखी द्वारपालाला पगार देऊ लागले. अनेक राज्यांच्या विधिमंडळांत विधेयके आली आणि बहुतेक बासनात गेली. कॅलिफोर्नियाचे विधेयक सप्टेंबर २०१७ मध्ये अधिवेशनाच्या अखेरीस अडकले. एरवी कंपन्यांशी न पटणारे गूगल आणि फेसबुक या वेळी त्यांच्याच बाजूला उभे होते. परंतु कथा तेथे संपली नाही. अ‍ॅलेस्टेर मॅक्टॅगर्ट या सॅन फ्रान्सिस्कोमधील बांधकाम व्यावसायिकाने पुढाकार घेतला आणि हा प्रश्न थेट जनमतास लावण्यासाठी सहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या गोळा झाल्या. हा कायदा मतपेटीतून आला तर तो पुन्हा बदलणे अवघड, हे ध्यानात येताच ज्या विधिमंडळाला वर्षभर सवड झाली नव्हती, त्याने २८ जून २०१८ रोजी व्यापक कायदा एकमताने संमत केला. मेन या लहानशा राज्याने २०१९ मध्ये तर थेट सेवापुरवठादारांनाच संमतीचे बंधन घातले. कंपन्यांच्या संघटना २०२० मध्ये त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि २०२२ मध्ये त्यांनी आपण होऊन दावा मागे घेतला. शिवीगाळीने जे झाले नाही, ते दारोदार जाऊन मिळविलेल्या सह्यांनी झाले. संघटनेचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

योगायोग असा की, अमेरिकेने हे कुंपण उपटले त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यायला २०२३ साल उजाडले आणि त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५. मुख्य तरतुदींना त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची सवलत आहे. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलती बऱ्याच सैल आहेत, हेही नमूद केले पाहिजे. सत्ता कोणाचीही असो, सैल गाठ कोणीतरी सोडतोच.

या कायद्यातील एका तरतुदीकडे मात्र मराठी घरांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. संमती मागणाऱ्या कंपनीने ती मागणी इंग्रजीत अथवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. घरातील वाहिनी कर्त्या माणसाच्या नावावर असते, पण तिच्यावर आजीच्या दुखण्याची चौकशी होते, मुलीच्या परीक्षेचा निकाल पाहिला जातो आणि सुनेच्या नोकरीचा अर्जही तिच्यावरूनच जातो. या सर्वांच्या वतीने ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट ठेवण्यापूर्वी तो कागद मराठीत मागण्याचा हक्क आता कायद्याच्या पुस्तकात आलेला आहे. तो मागणारी पहिली काही हजार पत्रे कोणत्या शहरांतून जातात, ते पाहायचे.