परवाना हवा, पण कोणाला?

नागपूरला पाहुणे नवे नाहीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लक्षावधी माणसे येतात. हिवाळी अधिवेशनात मंत्र्यांपासून मोर्चेकऱ्यांपर्यंत सारे येतात. आणि वर्षाचे बाराही महिने बालाघाट, छिंदवाडा, गोंदिया, गडचिरोलीकडची माणसे आपला रुग्ण घेऊन मेडिकलच्या दारात उतरतात. ह्या माणसांना कोणाच्या घरात चार रात्रींचा आसरा मिळत असेल, आणि त्यापायी घरधन्याला चार पैसे मिळत असतील, तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु पाहुण्याला घरात घेणे निराळे आणि घरातून बिऱ्हाड उठवून ते पाहुण्यांसाठी राखून ठेवणे निराळे. पहिले आतिथ्य आहे, दुसरा धंदा आहे. आपला कायदा हा भेद ओळखत नाही, हे माझे म्हणणे आहे.

२००८ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात एअरबीएनबी ही कंपनी सुरू झाली ती राहत्या घरातली फालतू जागा पाहुण्याला देण्याच्या कल्पनेतून. आज ह्या व इतर कंपन्यांच्या याद्यांवर मालक जेथे एक रात्रही राहत नाही अशा पूर्ण सदनिका असतात. असे का होते, ह्याचे गणित साधे आहे. उदाहरणादाखल, महिना पंधरा हजार भाड्याची एक सदनिका घ्या. तीच दोन हजार रुपये रोजाने दिली आणि महिन्यातल्या बाराच रात्री पाहुणे आले, तर चोवीस हजार रुपये हाती येतात. साफसफाई, धुलाई व दलाली ह्यांपायी सहा हजार वजा केले तरी मालकाला अठरा हजार उरतात. म्हणजे महिन्यातले अठरा दिवस घर कुलूपबंद ठेवूनही बिऱ्हाड ठेवण्यापेक्षा प्राप्ती अधिक. घर रिकामे ठेवणे किफायतशीर ठरते, त्या दिवसापासून त्या शहरातला भाडेकरू हरलेला असतो. त्यात कोणा एका मालकाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. ही व्यवस्थाच तसे शिकवते.

आता कायद्याची तऱ्हा पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा अनुज्ञप्तीचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. ती न करणाऱ्या मालकाला शिक्षेची तरतूद आहे. अकरा महिन्यांसाठी खोली घेणाऱ्या शिक्षकाला वा परिचारिकेला हे सारे सोपस्कार पार पाडावे लागतात. परंतु त्याच इमारतीत सहा सदनिका घेऊन त्या रोजच्या दराने देणाऱ्या गुंतवणूकदाराला, 'तू येथे राहतोस काय?' असे विचारणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. पर्यटन विभागाची 'न्याहारी व निवास' योजना आहे खरी. परंतु ती मुख्यतः प्रोत्साहनाची योजना आहे, निर्बंधाची नव्हे.

विदर्भाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या घरभाडे नियंत्रण आदेशानुसार नागपुरात घर रिकामे होणार असले की मालकाला ते सरकारला कळवावे लागे. आणि ते घर सरकारी नोकराला किंवा फाळणीने विस्थापित झालेल्या कुटुंबाला द्यावे, असा हुकूम जिल्हाधिकारी काढू शकत. त्या व्यवस्थेत वशिला होता, अन्याय होता, हे मी नाकारीत नाही. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला आणि ती व्यवस्था गेली. तिच्याबरोबर रिकामे घर ही सार्वजनिक चिंतेची बाब आहे हे तत्त्वही गेले, ह्याचा मला खेद आहे. शिवाय ह्या शहरातली कितीतरी घरे नझूलच्या अथवा सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभी आहेत. समाजाने निवासासाठी दिलेल्या जमिनीवर परभारे हॉटेल चालविणे हा मालकीहक्काचा वापर नव्हे, विश्वासाचा भंग आहे.

आमचे उदारमतवादी मित्र लगेच राजाजींच्या 'लायसन्स-परमिट राज'ची आठवण करून देतील. त्यांची भीती पोकळ नाही. धंतोलीतली एखादी वृद्धा माडीवरची खोली रुग्णाच्या नातेवाइकांना देत असेल, तर परवान्याच्या निमित्ताने पहिला हात तिच्याच कनवटीला जाईल आणि सहा सदनिकांचा धनी मोकळा राहील. परंतु ह्यावर उपाय परवानाच नको हा नव्हे. परवाना कोणाला लागावा हे नीट ठरविणे, हा आहे.

अंमलबजावणी अशक्य आहे, असेही सांगण्यात येते. मग वस्तू व सेवा कराचा कायदा पाहा. नोंदणी नसलेल्या घरमालकाच्या व्यवहारावरील कर थेट मध्यस्थ कंपनीकडून वसूल करण्याची सोय त्यात आहे. कर हवा असतो तेव्हा सरकारचा हात कंपनीपर्यंत पोचतो. भाडेकरूचे घर वाचवावयाचे असते तेव्हाच तो आखूड कसा पडतो?

निव्वळ नोंदणीने भागत नाही, हे गोव्याने दाखविले आहे. तेथे पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. तरीही आसगाव-शिवोलीसारख्या गावांतली घरे पर्यटकांचे व्हिला होतच गेली. उलट न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाने स्वतः घरात राहिले पाहिजे, दोनच पाहुणे ठेवले पाहिजेत आणि नोंदणीवाचून कंपनीने व्यवहार करता कामा नये, असा नियम अमलात आहे. बार्सिलोनाच्या समाजवादी महापौरांनी तर पर्यटकांच्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जून २०२४ मध्ये जाहीर केला. तेथली घरटंचाई टोकाला गेल्यावर हे शहाणपण सुचले. आपण ती वेळ येण्याची वाट का पाहावी?

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. मालक स्वतः राहत असलेल्या घरातील दोन खोल्यांपर्यंत विनाशुल्क नोंदणी पुरे. तेथे निरीक्षकाची फेरी नको. मालक राहत नसेल तर परवाना सक्तीचा, एका कुटुंबाला एकच, आणि वर्षातील रात्रींना मर्यादा. परवान्यांची यादी प्रभागवार जाहीर व्हावी, म्हणजे शेजाऱ्याला ती वाचता येईल. क्रमांकावाचून जाहिरात दिसली तर दंड कंपनीला. परवाना शुल्काचा पैसा मेडिकल आणि मेयोच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधण्याकडे जावा. मेडिकलच्या ओसरीवर सतरंजी पसरणाऱ्या माणसाला दोन हजार रोजाची सदनिका कधीच परवडणार नाही. त्याच्या नावाने ह्या धंद्याचे समर्थन करणे ही क्रूर थट्टा आहे.

समाजवाद्यांनी हा प्रश्न किरकोळ समजू नये. घर राहण्यासाठी की नफ्यासाठी, हा जुनाच प्रश्न आज रात्रीच्या दराचे रूप घेऊन दारात उभा आहे. त्याचे उत्तर प्रत्येक प्रभागातल्या भाडेकरूने आपल्या नगरसेवकाकडे मागितले पाहिजे.