पळसाचे फूल आणि औषधातील अहिंसा

पनवेलहून गोव्याकडे जाणारा महामार्ग पळस्पे फाट्यापासून कर्नाळ्याच्या रानाकडे वळतो. फाल्गुनात या परिसरातला पळस फुलतो. त्याची फुले उकळून रंगपंचमीचा केशरी रंग काढण्याची रीत जुनी आहे. या फुलांत ‘ब्युटीन’ नावाचे द्रव्य असते. रसायनशास्त्रात ते ‘चाल्कोन’ या कुळात मोडते. किराणा व्यापाऱ्यांच्या परिचयाच्या ज्येष्ठमधातही याच कुळातील द्रव्ये आहेत.

चाल्कोन प्रयोगशाळेत तयार करणे अवघड नाही. बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन अल्कोहोलमध्ये एकत्र करून त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातले, की पाण्याचा एक रेणू बाहेर पडून दोन्ही द्रव्ये जोडली जातात आणि पिवळसर स्फटिक मिळतात. मूळ द्रव्यांत किंचित फेरबदल केला, की नवे चाल्कोन तयार होते.

सूज ही शरीराची संरक्षणक्रिया आहे. मात्र ती रेंगाळली, तर सांधे आणि इतर अवयव झिजू लागतात. पेशींवरील प्रयोगांत ब्युटीनने सूज चेतवणारे संदेश मंद केल्याचे आढळले आहे. परंतु पेशींवर दिसलेला गुण रोग्याच्या शरीरात तसाच उतरेल, असे नाही. जपानमध्ये जठरव्रणावर वापरले जाणारे सोफाल्कोन हे या कुळातील औषध होय. तथापि तेथवर पोहोचलेली द्रव्ये थोडीच आहेत.

नव्या द्रव्याची पारख करण्याची रूढ रीत मात्र अस्वस्थ करणारी आहे. समुद्री शेवाळापासून काढलेले कॅराजिनन उंदराच्या पंजात टोचून सूज आणतात, आणि औषधाने ती किती उतरते हे मोजतात. ज्या फुलाला आपण निर्दोष मानतो, त्याच्या गुणाचा पुरावा अशा वेदनेतून येऊ शकतो. परीक्षानळीतील चाचणीही सर्वथा निर्लेप नसते. तीत पुष्कळदा गाईच्या रक्तातील किंवा अंड्यातील प्रथिन वापरतात. स्वेच्छेने दिलेल्या मानवी रक्ताच्या तांबड्या पेशींवरील चाचणी हा त्याहून सौम्य मार्ग आहे.

मग परीक्षाच नको, असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. अपरीक्षित औषध देऊन रोग्याला इजा करणे हीदेखील हिंसाच. ज्येष्ठमध अतिप्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो. ‘वनस्पतीचे’ एवढे म्हटल्याने ते निरुपद्रवी ठरत नाही.

वाट जयणेची आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने औषधचाचणीचे नियम सुधारून मानवी पेशी, अवयव-प्रतिकृती आणि संगणकीय पद्धती यांना मान्यता दिली. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे औषधांच्या व्यापारात आहेत, अनेक न्यास शिक्षणाला देणग्या देतात. माल घेताना ‘याची परीक्षा कशी झाली?’ हा प्रश्न भावाइतक्याच आग्रहाने विचारावा. देणगी देताना अशा पर्यायी पद्धतींच्या संशोधनासाठी काही रक्कम राखून ठेवावी. अभयदानाचे हेही एक रूप आहे.