स्लरी जाळू नका, पाचट भाजा

गोबरगॅसच्या संयंत्रातून बाहेर पडणारी स्लरी ही निव्वळ अडगळ असून, पायरोलिसिसच्या भट्टीत, म्हणजे हवा कोंडलेल्या पात्रात चारशे ते सहाशे अंशांपर्यंत तापवून, तिचा बायोचार केला की तीतला कर्ब शतकानुशतके जमिनीत बंदिस्त राहील, अशी तजवीज हल्ली मोठ्या उत्साहाने मांडली जाते. कर्बाविषयीचे विधान आम्हास मान्य आहे. स्लरीवरचा अडगळीचा आरोप मान्य नाही.

प्रथम जमाखर्च पाहू. शेण व पाणी समभाग कालवलेल्या 1000 किलो काल्यापासून, किलोभर शेणास 40 लिटर या रूढ प्रमाणाने, सुमारे 20 घनमीटर गॅस मिळतो. आणि त्याच काल्याच्या स्लरीतले निदान 900 किलो पाणी वाफ करून घालवू म्हटले, तर सुमारे 100 घनमीटर गॅसची उष्णता खर्ची पडते. उत्पन्नाच्या पाचपट वेच करणाऱ्या कारभाऱ्यास आपल्याकडे काय म्हणतात, ते वाचक जाणतातच. पाणी पिळून काढावे व चोथा उन्हात वाळवावा, हे प्रतिपक्षाचे उत्तर सयुक्तिक आहे. परंतु पिकास तत्काळ लागू पडणारा नत्र बव्हंशी त्या पिळलेल्या पाण्यातच जातो, आणि चोथ्यात उरलेल्या नत्राचा मोठा हिस्सा भट्टीत उडून जातो. शिवाय बायोचार बहुधा अल्कधर्मी असल्याने कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल जमिनीस तो मानवला, तरी देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीस मानवेलच असे नाही.

मग भट्टी मोडीत काढावी काय? मुळीच नाही, तिच्यात घालावयाचा जिन्नस बदलावा. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली पुण्यात स्थापन केलेल्या 'आरती' संस्थेने, शेतातच पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखविला व त्यास 2002 साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या घरगुती बायोगॅस संयंत्रास तोच सन्मान 2006 साली लाभला. तो कोळसा चुलीसाठी होता, हे खरे. पण कोरडे पाचट भाजताना सुटणारे वायूच भट्टी तापवितात, हा त्यातला धडा शेतीसही लागू आहे. पाचटाचा कोळसा स्लरीत मुरवून शेतात घातला, तर कोरा कोळसा मातीतला नत्र आधी स्वतःच शोषून घेतो ही तक्रारही मिटते.

अपवाद एकच: शहरी कचऱ्यावरच्या संयंत्रांचा, जेथे जवळ शेत नाही आणि रोगजंतूंचे भय आहे. तेथे चोथा अवश्य भाजावा, पण त्यातले जड धातू तपासूनच, कारण ते भट्टीत बहुतांशी नष्ट होत नाहीत. इतरत्र भट्टीसाठी अनुदान मागणाऱ्याने पाण्याचा व नत्राचा तपशीलवार हिशेब अर्जासोबत जोडावा. तो नसेल तर दफ्तराने मंजुरी देऊ नये.