फुलपाखराचं आडनाव

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक सोप्पा प्रश्न. फुलपाखरू आणि पतंग यांच्यात फरक काय? (पतंग म्हणजे संक्रांतीला उडवतो तो नव्हे हं! रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारा कीटक.)

“हे काय विचारणं झालं?” असं म्हणत तुमच्यापैकी निम्म्यांनी हात वर केले असतील. फुलपाखरू दिवसा उडतं, पतंग रात्री. फुलपाखरू रंगीबेरंगी, पतंग मळकट. फुलपाखरू पंख मिटून बसतं, पतंग पसरून बसतो. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा पिसासारख्या नाहीतर दोऱ्यासारख्या असतात.

शाब्बास! परीक्षेत पैकीच्या पैकी गुण. पण आज आपण वकिलासारखा काळा कोट चढवू या आणि या चारही नियमांची उलटतपासणी घेऊ या. गंमत येईल, बघा.

साक्षीदार हाजीर हो!

नियम पहिला. पतंग रात्री उडतो. मग भर दिवसा बागेतल्या फुलांसमोर हवेत एकाच जागी तरंगत, लांब सोंडेनं मध पिणारा तो छोटासा प्राणी कोण? पुष्कळ जण त्याला पाहून “हमिंगबर्ड, हमिंगबर्ड!” म्हणून ओरडतात. हमिंगबर्ड भारतात नसतोच. तो असतो हॉक मॉथ गटातला पतंग. उलट ‘इव्हिनिंग ब्राउन’ नावाचं वाळक्या पानासारखं फुलपाखरू दिवसभर पाचोळ्यात दडून बसतं आणि दिवेलागणीला बाहेर पडतं. कधी कधी दिव्यावरसुद्धा येतं!

नियम दुसरा, रंगांचा. सह्याद्रीच्या जंगलात निळ्या-हिरव्या झळाळीचे, दिवसा उडणारे पतंग आहेत. ते बघितल्यावर कोणीही त्यांना फुलपाखरू म्हणेल. आणि मघाचं आपलं वाळक्या पानासारखं फुलपाखरू? त्याला रंगीबेरंगी कसं म्हणायचं?

नियम तिसरा, बसण्याचा. कोवळं ऊन खायला पंख सताड उघडून बसलेली फुलपाखरं तुम्ही कितीतरी पाहिली असतील. हाही साक्षीदार फुटला!

राहिला चौथा, मिशांचा नियम. हा मात्र बराच भरवशाचा. आपल्याकडे ओळख पटवायला तोच वापरावा. पण युरोपात बर्नेट नावाचे पतंग आहेत. काळे पंख, त्यांवर लाल ठिपके, दिवसा उडतात आणि मिशांची टोकं चांगली जाड! म्हणजे हा नियमही शंभर टक्के पक्का नाही.

मोठी माणसं आणखी एक नियम सांगतात. पुष्कळ पतंगांच्या मागच्या पंखावर एक ताठ केस असतो. तो पुढच्या पंखाच्या आकड्यात अडकतो आणि उडताना दोन्ही पंख एकत्र हलतात. फुलपाखरांकडे ही सोय नसते. पण ऑस्ट्रेलियात ‘रीजंट स्किपर’ नावाचं एक फुलपाखरू आहे. त्याच्या नराकडे ही सोय आहे! आता बोला!

उंची वेगळी, नातं वेगळं

असं का होतं? नियम करणारे शास्त्रज्ञ वेंधळे होते का? मुळीच नाही. गोष्ट अशी आहे, की ‘ओळखायचं कसं’ आणि ‘नातं काय’ हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत.

समजा, तुमच्या शाळेतली सगळी मुलं मैदानावर उभी केली. त्यांच्या उंचीप्रमाणे रांगा लावता येतील. चष्मेवाले आणि बिनचष्म्याचे असे दोन गटही करता येतील. पण त्यावरून कोण कुणाचा सख्खा भाऊ, कोण चुलत भाऊ, हे कळेल का? त्यासाठी घरी जाऊन आजोबा-पणजोबांची नावं विचारायला हवीत. वंशावळ काढायला हवी.

जीवशास्त्रातही असंच झालं. स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी १७५८ साली प्राण्यांची मोठी यादी छापली. त्यात पतंग आणि फुलपाखरं त्यांनी एकाच गणात घातली. त्या गणाचं नाव लेपिडॉप्टेरा. ग्रीक भाषेत ‘लेपिस’ म्हणजे खवला आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. फुलपाखराला हात लावला की बोटांना रंगीत भुकटी लागते ना, तीच ही खवल्यांची भुकटी. पतंगाला हात लावा, तिथंही भुकटी आहेच! पंखांवर कौलांसारखे एकावर एक रचलेले हे खवले म्हणजे या साऱ्या घराण्याची खूण.

लिनियस यांनी या गणाचे तीन भाग पाडले: एक फुलपाखरांचा, दुसरा हॉक मॉथचा आणि तिसरा उरलेल्या पतंगांचा. हे भाग त्यांनी दिसण्यावरून केले होते. पुढं १८५९ साली चार्ल्स डार्विन यांनी म्हटलं, की खरं वर्गीकरण म्हणजे वंशावळच असायला हवी. ज्यांचे पूर्वज एक, ते एका गटात. मग दिसायला कसे का असेनात!

नाकातला केस आणि २० कोटी वर्षं

पण कीटकांच्या पणजोबांची नावं कुणाला विचारायची? त्याचे दोन मार्ग. एक खडकांत सापडणारे जीवाश्म आणि दुसरा त्यांच्या पेशींतला डीएनए.

पतंगाचे पंख इतके नाजूक, की त्यांचे जीवाश्म फार थोडे सापडतात. उत्तर जर्मनीत खोल खणून काढलेल्या खडकाच्या नमुन्यात नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाचा एक विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली काम करत होता. त्यात त्याला चिमुकले खवले दिसले! ते उचलायचे कसे? चिमटा लावला तर चुरा व्हायचा. मग त्यानं सुईच्या टोकाला चक्क माणसाच्या नाकातला केस लावला आणि एकेक खवला वेगळा केला. (हसू नका, विज्ञानात काहीही वाया जात नाही!) २०१८ साली हा शोध जाहीर झाला. ते खवले होते सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते.

त्यातले काही खवले पोकळ होते. आज असे पोकळ खवले सोंडवाल्या पतंगांकडेच असतात. म्हणजे तेव्हाही सोंड होती, असा अंदाज निघाला. पण फुलांचे सर्वांत जुने खात्रीचे जीवाश्म आहेत सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचे. मग फुलं नसताना सोंड कशाला हवी होती? शास्त्रज्ञांना वाटतं, की देवदार-पाइनसारख्या बिनफुलांच्या झाडांच्या बीजांडांशी गोडसर थेंब जमतात, ते पिण्यासाठी. स्ट्रॉ आधी तयार झाली आणि सरबत मागाहून आलं म्हणा ना!

डीएनए तर आणखी मागं नेतो. २०१९ सालच्या एका मोठ्या अभ्यासानुसार या घराण्याचा मूळ पुरुष सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा असावा. त्या घराण्याचे सर्वांत जवळचे भाऊबंद म्हणजे ओढ्याकाठी आढळणाऱ्या कॅडिस माश्या. दिसतात पतंगासारख्याच, पण त्यांच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात. पतंगांचे खवले म्हणजे असेच केस, काळाच्या ओघात चपटे झालेले. आणि आजही काही चिमुकले पतंग असे आहेत, की त्यांना सोंडच नाही. ते जबड्यानं परागकण चावून खातात. घराण्यातली सर्वांत जुनी पाती तीच.

मग फुलपाखरं कुठून आली?

आता मुख्य गोष्ट ऐका. २०२३ साली शास्त्रज्ञांनी जवळजवळ २,३०० जातींच्या फुलपाखरांचा डीएनए ताडून त्यांची वंशावळ मांडली. त्यातून दिसलं, की सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडात पतंगांच्याच एका शाखेतून फुलपाखरं निघाली. हे पतंग दिवसा उडू लागले होते. तोवर मधमाश्यांच्या संगतीनं मधाळ फुलं उमलू लागली होती आणि ती दिवसा उघडी असत.

पूर्वी काही जणांना वाटायचं, की वटवाघळांच्या भीतीनं हे पतंग दिवसपाळीला गेले असावेत. कल्पना छान होती, पण काळाचं गणित जुळेना. फुलपाखरं जन्मली तेव्हा वटवाघळं अजून यायची होती!

पहिल्या फुलपाखरांच्या अळ्या बहुधा शेंगा येणाऱ्या झाडाझुडपांची पानं खात असत. म्हणजे आपल्या तूर-हरभऱ्याच्या, चिंच-बहाव्याच्या कुळातली. आजही बहाव्याच्या पानांवर ‘कॉमन इमिग्रंट’ या फिकट पिवळ्या फुलपाखराच्या अळ्या सापडतात. पुढं फुलपाखरं हळूहळू जगभर पसरली. भारत आशियाला चिकटण्यापूर्वी समुद्रात एकटा तरंगणारं बेट होता. तिथंही ती पोचली!

आता वंशावळीकडे नीट बघा. फुलपाखरांची शाखा पतंगांच्या झाडावर मधेच फुटलेली आहे. म्हणजे रेशमाचा पतंग आणि फुलपाखरू हे एकमेकांना जवळचे, आणि तो जबड्यानं चावणारा पतंग मात्र दोघांनाही लांबचा. रेशमाच्या पतंगाला विचारलं, “तुझा सख्खा कोण?” तर तो त्या चिमुकल्या पतंगाकडे नव्हे, फुलपाखराकडे बोट दाखवील!

म्हणून ‘पतंग आणि फुलपाखरू’ असं म्हणणं म्हणजे ‘गावकरी आणि कुलकर्णी’ असं म्हणण्यासारखं आहे. अहो, कुलकर्णीही गावकरीच की! फुलपाखराचं आडनाव पतंगच आहे. फक्त त्या घरानं रंगरंगोटी जरा जास्त केली, इतकंच.

आणि हे घर आहे तरी केवढं? या गणाच्या आजवर सुमारे १ लाख ६० हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातली फुलपाखरं सुमारे १९ हजार. शंभरातली जेमतेम बारा! फुलपाखरांची कुळं सात. त्यांतली सहा आपल्या भारतात आहेत. सातव्या कुळाची, म्हणजे हेडिलिडची, गंमत तर विचारूच नका. ही अमेरिकेतली मंडळी मळकट, रात्री उडणारी आणि दोऱ्यासारख्या मिशांची. सगळे त्यांना पतंगच समजायचे. १९८६ साली माल्कम स्कोबल यांनी त्यांच्या शरीराची बारकाईनं तपासणी केली आणि सांगितलं, “ही तर फुलपाखरांच्या घरातली!” पुढं डीएनएनंही तेच सांगितलं. म्हणजे फुलपाखरू असूनही मघाचे नियम धाब्यावर बसवणारं हे अख्खं कुळ!

झाडू उचलण्याआधी

हे सगळं कळून उपयोग काय, असं विचाराल. सांगतो. महाराष्ट्रानं २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. शाळाशाळांत फुलपाखरांच्या बागा होतात. चांगलंच आहे. पण त्याच घराण्यातला पतंग संध्याकाळी खोलीत शिरला, की आपण झाडू शोधतो!

खरं तर रात्रीची पाळी सांभाळणारे तेच. पपईच्या फुलांवर हॉक मॉथ येतात आणि परागीकरण करतात. विदर्भात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणारं टसर रेशीम पतंगाच्या कोशातूनच निघतं. चिमणीच्या पिलांना भरवायच्या कित्येक अळ्या पतंगांच्याच असतात. हां, कपाशीची गुलाबी बोंडअळी आणि लोकरी कपडे कुरतडणारी कसर याही पतंगांच्याच अळ्या. पण लिंबाची पानं फस्त करणारी अळी सुंदर फुलपाखराची असते, हेही विसरू नका. म्हणजे दोष द्यायचाच, तर घराण्यात सगळ्यांना सारखा वाटून द्या!

करून पाहा

पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी, पाऊस थांबलेला असताना, गॅलरीत किंवा अंगणात एक पांढरी चादर टांगा. तिच्यासमोर दिवा लावा. दिव्याची जोडणी आई-बाबांना करू द्या आणि मग त्यांनाही सोबत बसवा. तासाभरात पाहुणे येऊ लागतील. भिंगातून त्यांच्या मिशा बघा: पिसासारख्या, दोऱ्यासारख्या की टोकाला गाठ असलेल्या? वहीत चित्र काढा, तारीख आणि वेळ लिहा. कुणाला पकडू नका, आणि केसाळ अळी दिसली तर अजिबात हात लावू नका, अंगाला खाज सुटते. काम झालं की आठवणीनं दिवा बंद करा, म्हणजे मंडळी आपापल्या कामाला जातील.

आणि हो, जाता जाता एक कोडं. ‘पतंग आणि फुलपाखरू’ यांच्यात जसं नातं आहे, अगदी तसंच नातं डायनोसॉरच्या घराण्यात आहे. त्यांच्यातलीही एक शाखा आजवर टिकली आहे आणि ती रोज सकाळी तुमच्या खिडकीत येऊन ओरडते. ओळखा पाहू कोण? विचार करा, घरी मोठ्यांना विचारा. उत्तर पुढच्या आठवड्यात!