कात्री नको, पाटी लावा

जुन्या सिनेमांतला वर्णद्वेष कापून टाकावा का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण म्हणून "तेव्हाचा काळच तसा होता, सोडा हो" म्हणणाऱ्यांच्या पंगतीतही मला बसायचं नाहीये.

'गॉन विथ द विंड' (१९३९) घ्या. मळ्यावरचे गुलाम अगदी सुखात होते असं वाटावं, इतका गोडवा त्यात ओतलाय. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, एचबीओ मॅक्सने तो काढला आणि साधारण दोन आठवड्यांनी परत आणला. सिनेमा जसाच्या तसा, फक्त सुरुवातीला चित्रपट-अभ्यासक जॅकलीन स्टुअर्ट यांचं प्रास्ताविक. हे मला पटतं. यातल्याच 'मॅमी'च्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. आणि १९४० च्या त्याच समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं! सिनेमाच गायब केला तर तिचं कामही गायब आणि तो अपमानही.

आता उलटं उदाहरण. 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) मधला पोलीस पॉपाय डॉयल उघड वर्णद्वेष्टा आहे. २०२३ मध्ये प्रेक्षकांच्या लक्षात आलं, की क्रायटेरियन चॅनेलवरच्या प्रतीत त्याच्या तोंडची वर्णद्वेषी शिवी असलेला तुकडाच नाही. ना सूचना, ना खुलासा. परिणाम काय? डॉयल थोडा सज्जन झाला. म्हणजे द्वेष कमी झालाच नाही, फक्त द्वेष्ट्याची फाईल स्वच्छ झाली.

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनवर कुणी न सांगता बदल केला तर केवढी बोंबाबोंब होते. इथे मात्र चालतं? घरातली डीव्हीडी निदान आहे तशी राहते. स्ट्रीमिंगवर सगळ्यांची प्रत एकदम बदलते आणि नव्या प्रेक्षकाला काही कापलंय हे कळतसुद्धा नाही.

"पण ज्यांची टिंगल झाली त्यांनी काय करायचं?" हा प्रश्न खरा आहे. पाटी लावल्याने अपमान पुसला जात नाही, मान्य. म्हणूनच असे सिनेमे मिरवू नका, लहान मुलांच्या यादीत टाकू नका. आत काय आहे ते आधी स्पष्ट सांगा, मग बघायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

मूळ प्रत मात्र शाबूत राहू द्या. पुरावा नष्ट झाला की फायदा शेवटी आरोपीचाच होतो.