पट्टा पडल्यावरचा हिशेब

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या कितीतरी तांड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि लेकरंच उरू लागतात. ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या वाटेला लागतात. पाच-सहा महिन्यांनी हंगाम संपतो, पट्टा पडतो, मुकादमाची वही उघडते आणि हंगामभर राबलेल्या जोडप्याला कळते, की उचल फिटलीच नाही. उलट बाकी अंगावर आहे. खाडे, किराणा, दवाखाना सगळे वहीत असते. लिहिणारा हात मात्र एकच. टोळी पळाली म्हणून मुकादमही कधी बुडतो, हे खरे आहे. पण त्याची भरपाई दुसऱ्या मजुराच्या घामातून होता कामा नये.

जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरवली. ती वाढ मजुराच्या हातात पडली की वहीतच जिरली, हे कोण तपासणार? कारखान्याला विचारले तर उत्तर येते, ‘तुमचा व्यवहार मुकादमाशी.’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही, कारण असा बचाव न्यायालयात एकदा फेटाळला गेला आहे. दिल्लीत आशियाई खेळांच्या बांधकामावर किमान मजुरी रोज 9 रुपये 25 पैसे होती आणि ठेकेदारांचे जमादार त्यातला एक रुपया कापून घेत. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली निकाल दिला, की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे ही घटनेच्या कलम 23 ने मना केलेली वेठबिगारीच आहे. ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारलाही सुटता आले नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. थकलेल्या मजुरीचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात ही मुदत सहाच महिने होती. गावी परतून पेरणी उरकेपर्यंत ती सरून जायची. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. मधल्या ठेकेदाराने मजुरी बुडवली तर आस्थापनेच्या मालकाने ती द्यायची. बुडवलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई मिळू शकते आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. एकट्याने जाण्याची भीती वाटत असेल तर मजूर सभासद असलेली नोंदणीकृत कामगार संघटनाही दावा लावू शकते.

तरीही आपण उसाच्या फडात राबलो, एवढे तरी मजुराला दाखवावे लागतेच. तिथेच बहुतेकांचे पाय अडखळतात.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या गावातून कोयता निघत असेल तर घेतलेली उचल, कारखान्याचे नाव, टोळीतली नावे आधी लिहून घ्या. वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो फोनवर मागवत राहा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, असे निक्षून सांगा. हिशेब बुडाला तर कामगार कार्यालयात आणि परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात त्यांच्यासोबत जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कामगार यांना तिथे वकील मोफत मिळतो, फोन 15100.